हवा कापणारे नाना

माळ चकमध्ये ओढली गेली तेव्हा तिचं दुसरं टोक माझ्या उजव्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. चक म्हणजे लेथ मशीनचं ते गोल तोंड, ज्यात लोखंड आवळून फिरवतात. झेंडूचा भुगा उडत होता आणि माझा हात त्या तोंडाकडे चालला होता. नाना सांगळे लाल बटणापाशीच उभे होते. ते बटण दाबलं की सगळं थांबतं, एवढं शेडमधल्या मांजरालाही माहीत होतं. नानांनी हात टाकला. तो बटणाच्या डावीकडे पत्र्यावर पडला. पुन्हा टाकला, तो उजवीकडे पडला.

पुढे काय झालं ते सांगते. पण आधी नाना कोण ते सांगायला हवं, नाहीतर ते मला मारायलाच निघाले होते असं वाटेल.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत देवरे शेठची पत्र्याची शेड होती. मी तिथं झाडलोट करायला जायची. लोखंडाचा कीस गोळा करायचा, मशीन पुसायच्या, दोन वेळा चहा करायचा. आमचं माळ्याचं घर, मखमलाबादला झेंडू आणि भाजीचं रान. सकाळी फुलं तोडून घरच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या हवाली केली की मी बस धरायची. शिक्षण चौथी. ते पुरतं, असं मला वाटायचं.

नाना तिथले टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे. सिन्नरकडचे. अंगात खाकी शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, उन्हाळ्यातसुद्धा. शर्टाच्या खिशात चष्मा आणि पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली व्हर्निअर. मापायची ती वस्तू त्यांनी कधी कोणाच्या हातात दिली नाही. शेठ एकदा मागायला गेले तर म्हणाले, "शेठ, तुमची बायको मी मागतो का?" शेठ हसले. नाना हसले नाहीत.

नाना सगळं मापायचे. जेवायला बसले की माझी भाकरी उचलून कडेला व्हर्निअर लावायचे. "माळीणबाई, आज अर्धं सूत जाड."

"पीठ उरलं होतं," मी म्हणायची.

"मग दुसरी थापायची. हिला कशाला जाड करायची?"

आणि खायचे. माझीच भाकरी, माझ्याच पुढे मापून. त्यांच्या तोंडून चांगलं असं कशाला कधी आलं नाही. फार झालं तर "चालेल". मुलाचं लग्न झालं तेव्हा मी विचारलं, सून कशी आहे? नाना म्हणाले, "चालेल." सुनेचं मत मला पुढे कळलं. तिच्या मते नाना चालण्यासारखे नव्हते. कामावरून घरी बसायचं आणि दिवसभर सुनेच्या नजरेखाली राहायचं, याला नाना जन्मठेप म्हणायचे.

आणि ती जन्मठेप जवळ आली होती. हे शेडमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

नानांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी चहात दिसलं. नाना कप-बशी घ्यायचे. एके दिवशी बशीत चहा सांडला, दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मला ग्लासात देत जा. अर्धाच." मग किसाच्या पाटीत दिसलं. मी पाटी बाहेर ओतायची, तर तळाशी, किसाखाली दाबलेले, बिघडलेले जॉब निघायचे, म्हणजे कापताना वाया गेलेले लोखंडाचे भाग. एकदा एक, एकदा तीन. जुन्या लेथवर सगळं हाताने. चाक फिरवायचं, केसाच्या जाडीएवढं पुढे न्यायचं आणि थांबायचं. नानांचा हात थांबत नव्हता. टर्नरचा हात हलतो हे कळलं तर त्याला कोण ठेवणार? मी ते जॉब भंगाराच्या ढिगात खोल टाकून द्यायची. शेठना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

दोन हजार साल यायच्या थोडं आधीची ही गोष्ट. गिऱ्हाईकं शेठना विचारायला लागली होती, "माल कंप्युटरवर करता ना?" शेठ 'हो हो' म्हणून फोन ठेवायचे आणि धावत नानांकडे यायचे. नवी मशीन घ्यायची ऐपत नव्हती. तेव्हा त्यांना वैद्य साहेब भेटले. वैद्य साहेब जुन्या लेथला कंप्युटर बसवून द्यायचे. हाताची चाकं काढायची, त्या जागी मोटारी लावायच्या, आतला लांब स्क्रू बदलायचा, शेजारी एक डबा उभा करायचा. डब्यात आकडे घातले की हत्याराची गाडी आपली आपण पुढे-मागे जाते आणि सांगितलं तेवढंच कापते.

शेठना वाटलं, नाना भांडतील. सत्तावीस वर्षं एका मशीनवर काढलेला माणूस. विषय काढायच्या आधी शेठनी मला पेढे आणायला लावले. नानांच्या हातावर पेढा ठेवून शेठ म्हणाले, "नाना, रागवू नका. तुमच्या मशीनला जरा... म्हणजे कंप्युटर..."

"कधी बसवताय?" नानांनी विचारलं.

शेठनी समजावणीचं भाषण पाठ करून आणलं होतं. ते वाया गेलं. नंतर सगळीकडे सांगत सुटले, आमचे नाना एवढे जुने, पण विचार बघा किती नवा. मी ग्लास विसळत होते. नव्या विचाराचं कारण त्या ग्लासात अर्धा चहा मागत होतं. बटण दाबायला हात स्थिर लागत नाही. आकडा बरोबर असला की पुरे. यात नानांची नोकरी वाचत होती आणि शेठना मोठेपणा मिळत होता. मी आणखी एक पेढा उचलला. पेढे चांगले होते.

मशीन उघडायचं काम महिनाभर चाललं. हाताची चाकं नानांनी स्वतः काढली. मोठं चाक घरी नेलं. लोकांना वाटलं, आठवण म्हणून. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. चाक लोणच्याच्या फोडींवर दाब म्हणून ठेवलेलं होतं.

वैद्य साहेबांशी त्यांचं भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. त्या जुन्या मशीनच्या खाली, पायाशी, एक लांब पट्टी होती. तिच्यावर पाय दिला की मोटरची वीज तुटायची आणि चक जागच्या जागी थांबायचं. वैद्य साहेब म्हणाले, "नाना, हा पायाचा ब्रेक आता काढून टाकू. मध्ये येतो. थांबवायचं काम कंप्युटर करेल."

"कंप्युटरला पाय हाय का?"

"नाही."

"मला हायेत. ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण गरज काय? लाल बटण दिलंय ना वर!"

"मग ते बी ऱ्हाऊ द्या."

तीन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. वैद्य साहेब माझ्यामार्फत पाना मागायचे आणि नाना माझ्यामार्फत नाही म्हणायचे. चौथ्या दिवशी ब्रेक राहिला. वैद्य साहेब म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं.

मग प्रोग्राम लिहायची वेळ आली. आधी वहीत लिहायचं, मग डब्यात घालायचं. नाना मला म्हणाले, "माळीणबाई, हितं बस. मी सांगतो, तू लिही. चष्मा घरी ऱ्हायला."

चष्मा खिशात होता. मी बसले.

"मला इंग्रजी येत नाही, नाना."

"इंग्रजी कोन म्हनलं? पाच-सहा अक्षरं हायेत. ही एक्स. एक्स म्हंजी फुली. फुली कशी असती ते गुरुजींनी तुझ्या वहीत लय येळा दावलं असंल."

अशी मी शिकले. जी, एम, एक्स, झेड, एफ, एस. आजही मला इंग्रजीतली तेवढीच येतात. डब्यावरची बटणंही मीच दाबायची, कारण ती बारीक होती आणि नानांचं बोट शेजारच्या बटणावर जायचं. लोकांना वाटायचं नाना ऐट करतात, माणूस ठेवलाय बटणं दाबायला. नानांनी तसंच वाटू दिलं. उलट हात पाठीमागे बांधून उभे राहायला लागले, साहेबासारखे. पाठीमागे एक हात दुसऱ्याला घट्ट धरून असायचा. मी खाली बसलेली असायची, म्हणून मला दिसायचं.

नवा प्रोग्राम असला की नाना लोखंड लावू द्यायचे नाहीत. "आधी हवा काप." म्हणजे चक रिकामं ठेवून सगळा प्रोग्राम चालवायचा. गाडी येते, जाते, कापल्यासारखं करते, कापत काहीच नाही. नाना हात मागे बांधून बघत राहायचे, जणू त्या हवेचं काही निघणार आहे.

शेठ घड्याळ बघायचे. "नाना, सकाळपासून मशीन हवाच कापतेय."

"हवा वाया जात नाय, शेठ."

एकदा मी आकड्यातलं टिंब घालायचं विसरले. टिंब नसलं तर तो डबा पन्नासचा अर्थ पन्नास मिलिमीटर घेत नाही, केसाएवढं घेतो. गाडी जागची हलली न हलली तोच पुढची ओळ सुरू. नानांनी मशीन थांबवायला सांगितली. वही बघितली.

"रोज कपाळाला टिकली लावती का न्हाई?"

"लावते."

"मग हितं का इसरली?"

लोखंड लावलेलं असतं तर हत्यार मोडलं असतं. हवेचं काही मोडलं नाही. त्या दिवसापासून मी आधी टिंबं मोजायची, मग आकडे.

मशीन सुरू केली की आणखी एक गोष्ट करावी लागायची. हत्याराच्या गाडीला आधी तिच्या ठरलेल्या जागी, मागच्या टोकाला पाठवायचं. तिथं एक बारीक स्विच होता, त्याला लहानशी दांडी. गाडी जाऊन दांडी दाबायची की डब्याला कळायचं, आपण कुठं आहोत. मग तिथून तो मापं धरायचा. वैद्य साहेबांनी हे मला नीट समजावून सांगितलं होतं. मला समजलंही होतं. म्हणून पुढची चूक कोणाची, यात वाद नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी मशीन बंद ठेवून धुवायच्या, पुसायच्या, हळदकुंकू वाहायचं, माळ घालायची. नवा कंप्युटर बसल्यावरची पहिलीच पूजा. मी घरून चांगली टपोरी फुलं नेली आणि मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल अशी लांब माळ केली. सुती दोरा तुटतो म्हणून नायलॉनच्या दोरीत ओवली. एक टोक चकच्या वर, न फिरणाऱ्या भागाला बांधलं. दुसरं कुठं बांधायचं? मागच्या टोकाला ती लहानशी दांडी होती. तिला घट्ट गाठ मारली. छान बसली. शेठनी नारळ फोडला, तो नासका निघाला. शेठचं तोंड उतरलं. नानांनी माळ बघितली आणि म्हणाले, "चालेल."

म्हणजे त्यांनीही बघितली होती. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. बघितली होती एवढंच.

दसऱ्याची सुट्टी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये आम्ही चौघं होतो. शेठ, वैद्य साहेब, नाना आणि मी. वैद्य साहेब मशीन कशी चाललीय ते बघायला आले होते. नानांची सवय अशी, की आधी चक दहा मिनिटं नुसतं फिरवायचं, तेल गरम होऊ द्यायचं. त्यांनी चक सुरू केलं. मी माळ काढायला घेतली. चकच्या वरची गाठ सोडली आणि चालत चालत माळ मनगटावर गुंडाळायला लागले. आमच्यात दोरी टाकत नाहीत. फुलं झडली तरी दोरी पुन्हा वापरायची, म्हणून हातावर गुंडाळत जायचं. लहानपणापासूनची सवय. माळेचा मधला भाग गाडीवर पडलेला होता आणि मागचं टोक अजून दांडीला बांधलेलं होतं.

वैद्य साहेबांनी गाडीला जागेवर पाठवायचं बटण दाबलं. दांडी माझ्या गाठीनं आधीच दाबलेली. डब्याला वाटलं, गाडी स्विचवर बसलीच आहे. मग त्याच्या नियमाप्रमाणे तो स्विच सुटेपर्यंत गाडी पुढे आणायला लागला. स्विच सुटणार कसा? गाठ माळ्याची होती. गाडी पुढे, पुढे, चकच्या दिशेनं यायला लागली आणि येताना माळ ढकलत आणली. माळेचा मधला भाग फिरत्या चकनं धरला.

बाकी वर सांगितलंच आहे. वैद्य साहेब आधी डब्याकडे बघत होते, कारण त्यात काहीतरी लिहून येत होतं. शेठ ओरडले, "काय व्हयनं? काय व्हयनं?" घाबरले की शेठ पुन्हा सटाण्याचे व्हायचे, काय झालं ते अहिराणीत विचारायचे. नानांचा हात बटणाच्या डावीकडे पडला, मग उजवीकडे. आणि तो हात कसा हालतोय ते चौघांनीही बघितलं, लपवायला पाठ नव्हती.

तिसऱ्यांदा नानांनी हात टाकलाच नाही. पाय दिला.

चक थांबलं. माझ्या बोटांपासून वीतभर अंतर होतं. नानांनी नंतर मापलं. गाडी तशीच येत राहिली आणि थांबलेल्या चकवर जाऊन आदळली. हत्यार मोडलं, डब्यावर लाल अक्षरं आली आणि सगळं गप्प झालं. माझं मनगट मोडलं होतं. मी रडले नाही. आधी दांडीची गाठ सोडली, ती मीच मारली होती.

"दोरी मी स्विचला बांधली होती," मी सांगितलं.

कोणालाच पटलं नाही. शेठ म्हणाले, "नारळ नासका निघाला तेव्हाच मला वाटलं होतं." वैद्य साहेब म्हणाले, गाडीचा वेग जास्त ठेवला होता, हे त्यांचं चुकलं. मी दोनदा सांगितलं, तर शेठ म्हणाले, "मावशी, तुम्हाला धक्का बसलाय, तुम्ही बोलू नका." मला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं. शेठनी तीन नारळ वाढवले, चांगले बघून, हलवून घेतलेले.

दुसऱ्या दिवशी मी गळ्यात हात अडकवून शेडमध्ये गेले. घरी बसून करायचं काय? नाना आधीच आले होते. हत्यारांच्या कपाटाची, त्यांच्याकडे असायची ती किल्ली शेठच्या टेबलावर ठेवलेली होती. खिशातली पिवळी गुंडाळी नव्हती, पिशवीत भरली होती. जेवणाचा डबा आणला नव्हता, म्हणजे दुपारपर्यंत थांबायचा विचार नव्हता.

शेठ आले. किल्लीकडे बघितलं, नानांकडे बघितलं. मग मशीनची मोडतोड बघायला आलेल्या वैद्य साहेबांना हाक मारली.

"साहेब, ते लाल बटण जरा लांब बसवलंय का हो?"

वैद्य साहेबांनी चष्मा पुसला. "लांब आहे. आणि लहान आहे. कोणाचाही हात चुकेल."

"मग जवळ घ्या. मोठं लावा."

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "बटण जागेवर व्हतं, शेठ."

"नाना, तुम्ही टर्नर. बटणाचं साहेबांना कळतं," शेठ म्हणाले आणि किल्ली उचलून नानांच्या खिशात टाकली.

शेठना मी त्याआधी बावळट समजत होते. नंतरही बऱ्याच बाबतीत समजले.

चार दिवसांनी नवं बटण आलं. तळहाताएवढं, भोपळ्याच्या फुलासारखं पुढे आलेलं, कंबरेच्या उंचीवर. डोळे मिटून हात टाकला तरी लागेल असं. नानांनी व्हर्निअर लावून मापलं आणि वैद्य साहेबांना म्हणाले, "पोळपाट बसवला असता तरी चाललं असतं." वैद्य साहेबांनी ते कौतुक म्हणून घेतलं. तसं ते होतंही.

पंचाईत वेगळीच झाली. माझा लिहायचा हात प्लास्टरमध्ये. दीड महिना प्रोग्राम लिहिणार कोण? नाना म्हणाले, "आन वही." आता लपवायचं काही उरलं नव्हतं. खिशातून चष्मा काढला, सगळ्यांसमोर, आणि लिहायला बसले. अक्षर असं, की मुंगी शाईत पडून कागदावर फिरली असावी. ते फक्त मला वाचता यायचं. मी वाचायची, डाव्या हाताने बटणं दाबायची आणि नाना दुप्पट हवा कापायचे. एकही जॉब बिघडला नाही. किसाच्या पाटीत खाली नुसता कीसच निघायचा.

त्यानंतर नाना सहा वर्षं कामावर होते. मग पायही ऐकेनात तेव्हा आपणहून थांबले. जन्मठेप सुरू झाली. सुनेनं त्यांना चहा ग्लासात, अर्धाच दिला, असं ऐकलं. न सांगता.

शेवटचं बघितलं ते खंडेनवमीलाच. मुलानं रिक्षातून आणलं होतं. खुर्ची टाकून दिली. दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवलेले, दोन्ही हलत होते, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मशीन पुसून तयार होती. पुढे ताटात झेंडू.

"माळ कुठंय?"

"सुटी फुलं आणलीत."

"दोरी?"

"नाही आणली."

त्यांनी मला वाकायला सांगितलं. माझा उजवा हात धरला, मनगट उलटसुलट करून बघितलं. ते थोडं वाकडं जुळलंय. धरलेल्या हातामुळे माझाही हात हलायला लागला.

"किती सूत?" मी विचारलं.

"अर्धं," नाना म्हणाले. "चालेल."

मग खुर्ची पुढे घ्यायला लावली, पाय ब्रेकच्या पट्टीवर ठेवला आणि दाबून बघितला. मशीन बंदच होती. खट असा आवाज आला. प्रसाद घेऊन गेले.

पुढचा दसरा त्यांना दिसला नाही. काही वर्षांनी शेठ गेले. शेड विकली, मशीन भंगारात गेली, डबा आधीच बंद पडला होता. वैद्य साहेब मुलाकडे परदेशात गेले, तिकडेच वारले.

त्या सकाळी शेडमध्ये चौघं होतो आणि मरायची पाळी एकटीची होती. आज त्या चौघांतली मी एकटीच आहे.